लॅपटॉप का महागले? मोठ्या चिपमागे अडलेली छोटी चिप



संक्रांत झाली, डब्यातला तिळगूळ संपत आला, आणि या दोन-तीन आठवड्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "अहो, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय. उन्हाळ्यात पाहून ठेवलेला तोच आता एवढा महाग कसा?" हळदीकुंकवाच्या दिवशी आम्ही पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, तिथेही हाच विषय. कोणी म्हणालं ब्रेक्झिट, कोणी म्हणालं ट्रम्पचे टॅरिफ, एक काका तर ठामपणे म्हणाले, दुकानदारांची लबाडी. या वेळी या तिघांनाही मी सोडून देईन. कारण दुसरंच आहे, आणि आपल्या बर्मिंगहॅमच्या माणसाला ते चटकन कळेल, कारण पाच वर्षांपूर्वी त्याचा एक प्रयोग आपल्या दाराशीच झाला होता.

माझा धंदा आयटी सल्लागाराचा. कंपन्यांनी सर्व्हर किती घ्यावेत, कधी घ्यावेत, विकत घ्यावेत की भाड्याने, हे सांगायचं. त्यामुळे चिपच्या बातम्या मी पोटापाण्यासाठी वाचतो. आणि वाचून वाचून एक गोष्ट लक्षात आली आहे. पेपरात नाव येतं ते मोठ्या, महागड्या, एआयच्या चिपचं. पण काम अडतं ते तिच्या शेजारी बसणाऱ्या साध्या, स्वस्त चिपमुळे.

आधी पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चेस्टर रोडवरून तुम्ही गेला असाल. तीन स्पिटफायर विमानं आकाशात झेपावतात असं शिल्प असलेला तो चौक, त्याच्या बाजूला कॅसल ब्रॉमिचचा कारखाना. युद्धात तिथे अकरा हजारांहून जास्त स्पिटफायर विमानं बनली. पुढे तिथे जॅग्वार गाड्या बनू लागल्या, आणि २००८ पासून मालक आपले टाटा. २०२१ च्या एप्रिल महिन्यात, २६ तारखेपासून, जॅग्वार लँड रोव्हरने कॅसल ब्रॉमिच आणि लिव्हरपूलजवळचं हेलवूड इथलं उत्पादन थांबवलं. पोलाद होतं, रंग होता, माणसं होती, गिऱ्हाईकही होतं. चिप नव्हत्या.

कुठल्या चिप? गाडीत हजाराच्या वर चिप असतात, काही गाड्यांत तीन हजारांपर्यंत. काच खाली करणारी, सीट पुढे-मागे करणारी, एअरबॅगवर लक्ष ठेवणारी, वायपरला पावसाची वर्दी देणारी. यातल्या बऱ्याचशा चिप जुन्या तंत्राच्या. त्यांची किंमत सांगितली तर हसाल, काहींना एक पौंडसुद्धा पडत नाही. पण ती एक नसेल तर चाळीस हजार पौंडांची गाडी दारातून बाहेर पडत नाही.

त्या कुठे गेल्या, ते ऐका. २०२० च्या वसंतात लॉकडाऊन लागला आणि गाड्या कोण घेणार म्हणून वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच महिन्यांत तुम्ही-आम्ही काय करत होतो? मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी लॅपटॉप, नवा राउटर, वेबकॅम, कोणी गेमिंगचा कन्सोल. सगळ्यांच्या मीटिंगा टीम्स आणि झूमवर गेल्या, म्हणजे पलीकडे कुठेतरी सर्व्हर वाढले. चिपच्या कारखान्यांनी रिकामी झालेली जागा या नव्या गिऱ्हाइकांना देऊन टाकली. सहा महिन्यांत गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, तेव्हा वाहन कंपन्या रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. आणि ही रांग भराभर सरकणारी नाही. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, कारखान्यात शिरल्यापासून चिप बनून बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फ पडून तिथले चिप कारखाने वीज नसल्याने बंद झाले, आणि १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. रेनेसास म्हणजे गाड्यांच्या चिपमधलं मोठं नाव. एकावर एक तीन घाव.

एमबीएला आम्हाला टोयोटाची 'जस्ट इन टाइम' पद्धत पोथीसारखी शिकवली होती. गोदामात माल साठवू नका, लागेल तेव्हा मागवा. गंमत अशी की २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर खुद्द टोयोटानेच चिपपुरता हा नियम सैल केला आणि पुरवठादारांना काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला बाकीचे ओरडत असताना टोयोटा बराच काळ तग धरून होती. ज्यांनी टोयोटाची पोथी पाठ केली त्यांना फटका, आणि पोथी लिहिणारा मात्र बाजूला.

आपल्या भागात याचा अर्थ काय होता, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवडहून गेडनला आणि व्हिटलीला आलेले इंजिनिअर आपल्यात कितीतरी आहेत. त्यांचा पगार चालू राहिला. पण छोट्या पुरवठादाराकडे एजन्सीतर्फे काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. लाइन बंद तर शिफ्ट नाही, शिफ्ट नाही तर पगार नाही. २०२२ च्या अखेरीस जॅग्वार लँड रोव्हरकडे दोन लाखांहून जास्त गाड्यांच्या ऑर्डरी पडून होत्या. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, आणि कामगार घरी. आता कोणी म्हणेल, २०२५ च्या सप्टेंबरात पण कारखाने बंदच होते की. होते, पण तो आजार निराळा, तो सायबर हल्ला होता. तो विषय पुन्हा कधीतरी.

यावरून आपण शहाणे झालो का? फारसे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच झालं. नेक्स्पेरिया नावाची कंपनी आहे, मुख्यालय नेदरलँड्समध्ये, मालक चिनी. बनवते काय, तर डायोड आणि ट्रान्झिस्टर, चिपच्या जगातले खिळे आणि स्क्रू. वर्षाला ११० अब्ज नग. त्यांचा एक कारखाना आपल्यापासून दोन तासांवर, स्टॉकपोर्टजवळ हेझल ग्रोव्हला आहे. तिथे चकत्या बनतात, मग त्या चीनमध्ये डोंगग्वानला जातात, तिथे त्यांचे तुकडे करून, काळ्या कवचात बसवून, तपासून जगभर पाठवतात. युरोपात बनलेल्या त्यांच्या मालातला सुमारे ७० टक्के माल अशी वारी करून येतो. ३० सप्टेंबरला डच सरकारने कंपनीचा ताबा घेतला, चीनने चार दिवसांत निर्यात रोखली, आणि महिनाअखेर होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला. नोव्हेंबरात डच सरकारने आपला आदेश मागे ठेवला, तेव्हा जरा श्वास घेता आला.

बर्मिंगहॅमला हे समजावून सांगायला नको. एकेकाळी या गावाने जगाला बटणं, खिळे आणि स्क्रू पुरवले. आपल्या आजोबांनी शाळेत टाकाने लिहिलं असेल, तर त्या टाकाची निब या शहरातून आलेली असण्याची शक्यता चांगलीच होती. ज्वेलरी क्वार्टरमध्ये पेन म्युझियम आहे, मुलांना एकदा घेऊन जा. पैशात मोजली तर निब काहीच नाही. पण ती नसेल तर लेखणी चालत नाही.

आता लॅपटॉपकडे येऊ.

या वेळी साधी चिप म्हणजे मेमरी, ज्याला आपण रॅम म्हणतो ती. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. दुसरीकडे एआयचे सर्व्हर. एनव्हिडिया या एका कंपनीची डेटा सेंटरमधून येणारी वार्षिक विक्री जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात १५ अब्ज डॉलर होती. दोनच वर्षांनी ती ११५ अब्ज झाली. पण एनव्हिडियाची चिप एकटी काम करत नाही. तिला चिकटून एक खास मेमरी लागते, एचबीएम म्हणतात तिला. रॅमचेच थर एकमेकांवर रचून केलेली, थालीपीठांच्या चवडीसारखी. एच१०० या चिपला ती ८० जीबी लागत होती. नंतर आलेल्या बी३०० ला २८८ जीबी.

एका सर्व्हरचा हिशेब करून दाखवतो. डीजीएक्स एच१०० नावाचा एनव्हिडियाचा सर्व्हर असतो, फ्रीजपेक्षा लहान खोकं. त्यात आठ मोठ्या चिप, त्यांची ६४० जीबी खास मेमरी, आणि त्याशिवाय दोन टीबी साधी रॅम. तुमच्या मुलीच्या लॅपटॉपला १६ जीबी पुरते. म्हणजे त्या एका खोक्याची साधी रॅम १२८ लॅपटॉपना पुरली असती. आणि असे सर्व्हर एका डेटा सेंटरमध्ये हजारोंनी असतात.

बरं, खास मेमरी आणि साधी मेमरी एकाच भट्टीतून निघतात. खरी मेख इथे आहे. दिवाळीत एखाद्या फराळवाल्या मावशींकडे मोठ्या लग्नाची ऑर्डर आली, पैसे आगाऊ, भावही चढा. अशा वेळी तुम्ही गेलात आणि म्हणालात, पाव किलो चकली द्या. मावशी वाईट नाहीत, पण सोऱ्या एक, कढई एक. शिवाय लग्नाची ऑर्डर अशी की तिला पीठही जास्त लागतं. मायक्रॉननेच सांगितलं आहे की तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडतं. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाला एक जीबी दिली की छोट्या गिऱ्हाइकाच्या वाट्याची तीन गेली.

१ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी बोलणी जाहीर केली. लक्ष्य सांगितलं महिन्याला नऊ लाख चकत्यांपर्यंत. ते गाठतील की नाही हा भाग वेगळा. मला स्वतःला ते जरा लग्नात 'दोन हजार पान उठणार' म्हणण्यासारखं वाटतं. पण बाजाराला तेवढं पुरलं. हिवाळा लागेपर्यंत कॉम्प्युटरमध्ये स्वतः बसवायच्या रॅमच्या पट्ट्या इथल्या दुकानांत दुपटीहून महाग झाल्या. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की त्यांचा क्रुशल हा ब्रँड, ज्याची रॅम आपल्यापैकी कितीतरी जणांनी जुन्या लॅपटॉपमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन बसवली आहे, तो आता बंद. कारण त्यांनीच दिलं: डेटा सेंटरच्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे माल वळवायचाय.

त्याच आठवड्यात रास्पबेरी पायच्या किमती वाढल्या. हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर केंब्रिजमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून जन्मला, आणि बनतो वेल्समध्ये पेनकोडला. त्यातला ८ जीबीचा मॉडेल ८० डॉलरचा ९५ झाला, १६ जीबीचा १२० चा १४५. शाळेच्या कोडिंग क्लबला वर्षाला दहा घ्यायचे असतील तर त्या वाढीनंतर आठच येत होते. एआयने मुलांच्या नोकऱ्या जातील का, यावर आपण तासन्‌तास बोलतो. एआयमुळे मुलांना शिकायचं यंत्रच महाग झालं, याकडे कोणाचं लक्ष नाही.

मागणीचं दुसरं टोक आपल्या घरात आहे, आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण ते जिन्याखालच्या कपाटात असतं. स्मार्ट मीटर. मार्च २०२५ अखेर ब्रिटनमध्ये घरं आणि छोटे धंदे मिळून सुमारे ३ कोटी ९० लाख स्मार्ट मीटर झाले होते. प्रत्येकात चिप, थोडी मेमरी, आणि रेडिओ. उत्तरेकडचे मीटर लांब पल्ल्याच्या रेडिओवरून बोलतात, आपल्या मिडलंड्समधले मोबाइलच्या जाळ्यावरून. हे जुने मीटर २जी आणि ३जी वापरतात. मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद करत आणलं, २जी २०३३ पर्यंत जाईल. म्हणजे मीटर धडधाकट असला तरी त्याचा बोलणारा भाग बदलावा लागणार, कारण पलीकडे ऐकणारं कोणी उरणार नाही. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचं हे दुखणं नवीन आहे. आपल्या आईचा मिक्सर मोटार जळेपर्यंत चालला. हल्लीची वस्तू चालू असतानाच म्हातारी होते, आणि तिच्या जागी नवी चिप लागते. गावाकडेही हेच सुरू आहे. महावितरणने राज्यात दोन कोटींहून जास्त मीटर बदलायची योजना आखली, त्यावरून २०२४ मध्ये केवढा गदारोळ झाला, ते तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंच असेल. भांडण बिलाचं होतं आणि ते रास्तच. पण दोन कोटी मीटर म्हणजे किमान दोन कोटी छोट्या चिप, हे कोणी मोजलं नाही.

गावाकडचा विषय निघालाच आहे तर तळेगाव. २०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला, म्हणून आपण इथे बसूनसुद्धा हळहळलो. पुढे १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉनच बाहेर पडली, म्हणजे तो ना आपल्याला मिळाला ना त्यांना. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती साखळीची दुसरी बाजू, सर्व्हरची. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी डेटा सेंटर उभी आहेत. पनवेलच्या योट्टाने एनव्हिडियाच्या एच१०० मागवल्या. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये राज्यात ८.३ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. म्हणजे रांगेत महाराष्ट्र मोठ्या गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा आहे, भट्टीच्या बाजूला नाही. ते वाईट नाही, पण भट्टीत जितके हात लागतात तितके डेटा सेंटरला लागत नाहीत, हे तिथे जाऊन आलेला कोणीही सांगेल.

माझं लक्ष आहे ते गुजरातमधल्या धोलेरावर. टाटांनी तैवानच्या पीएसएमसीबरोबर ९१ हजार कोटींचा कारखाना घेतला आहे, १३ मार्च २०२४ ला पायाभरणी झाली. तिथे काय बनणार? २८ पासून ११० नॅनोमीटरपर्यंतच्या चिप. ऐटबाज काही नाही. गाडीच्या, मीटरच्या, मोटारच्या चिप, म्हणजे ज्यांच्यासाठी टाटांचाच कॅसल ब्रॉमिचचा कारखाना थांबला होता त्या. दिल्लीत काही विद्वान नाकं मुरडतात की जुनं तंत्र आणलं. मला उलट वाटतं. अत्याधुनिक चिपमागे पैसा आपोआप धावतो. जुन्या चिपचा नवा कारखाना बांधायला मात्र कोणी तयार नसतं, कारण नफा कमी. ज्याला ती चिप हवी आहे त्यानेच तो बांधणं, हा मला शहाणपणाचा व्यवहार वाटतो. मायक्रॉनही गुजरातेत साणंदला आहे, पण तिथे मेमरी बनत नाही, बनलेली मेमरी जोडून तपासली जाते. त्यामुळे रॅमच्या भावावर त्याचा परिणाम लगेच होईल अशी आशा धरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलीचा लॅपटॉप. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा 'पुढच्या महिन्यात स्वस्त होईल' म्हणून थांबू नका. अभ्यासासाठी आत्ता लागत असेल तर आत्ता घ्या. घेताना १६ जीबी घ्या, कारण हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही. नव्याचाच हट्ट नसेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे लॅपटॉप पाहा. त्यांच्यातली रॅम जुन्या भावाची आहे. आणि घरात विंडोज १० चा चालता लॅपटॉप असेल तर तो घाईने टाकू नका. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. तेवढा वेळ हाती आहे, आणि तो मोलाचा आहे.

डोअरबेल, कॅमेरा, बाळाचा मॉनिटर घेताना एक गोष्ट विचारा. २९ एप्रिल २०२४ पासून या देशात कायदा आहे: इंटरनेटला जोडायची घरगुती वस्तू विकणाऱ्या उत्पादकाने सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर केलं पाहिजे, आणि सगळ्या वस्तूंना एकच सोपा पासवर्ड ठेवता येत नाही. ती तारीख शोधा. दोनच वर्षांची असेल तर ती वस्तू दोन वर्षांच्या भाड्याची आहे असं समजून किंमत ठरवा. तारीख सापडलीच नाही तर घेऊ नका.

रास्पबेरी पाय हवा असेल तर मुलाला ८ जीबीची गरज नसते. १ जीबीचा पाय ५ त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ४५ डॉलरला आणला. दिवा लावणं, झाडाला पाणी द्यायचा पंप चालवणं, तापमान नोंदवणं, या सगळ्याला तो पुरतो.

सिलिकॉनच्या चकतीवर चिप कशी कोरतात, यावर पुढच्या वेळी बोलू असं दोन शाळकरी श्रोत्यांना कबूल केलं आहे. तोवर नमस्कार.